पोर्तुगालचा खारा खाऊ : रिसॉल, बाकाल्यावचे वडे आणि काउंटरवरचा सामोसा

पाणकावळा

लिस्बनला येणारी आपली मंडळी पास्तेल द नाता खातात, फोटो चिकटवतात आणि पुढच्या विमानाने परत जातात. गोडावर इथे पुष्कळ लिहून झालंय, तेव्हा हा धागा फक्त खाऱ्याचा. गोडाचे फोटो टाकणाऱ्यांना फाट्यावर मारण्यात येईल.

इथल्या कुठल्याही पास्तेलारियात, म्हणजे बेकरी-कॅफेत, काचेचं कपाट असतं. अर्ध्यात गोड, अर्ध्यात साल्गादुश, म्हणजे खारं. कोळंबीचं रिसॉल, मांसाचं क्रोकेत, बाकाल्यावचं (खारवलेल्या कॉड माशाचं) पास्तेल म्हणजे वडा, कोंबडीची एम्पादा (सारण भरून भाजलेली छोटी पेस्ट्री), आणि त्यांच्या शेजारी घरच्यासारखा बसलेला आपला सामोसा. इथे त्याला शामुसा म्हणतात. नग एक-दोन युरोत येतो. सकाळी अकराच्या सुमाराला बँकेतली माणसं, रंगारी, टॅक्सीवाले सगळे काउंटरला टेकून उभ्यानेच खातात. कोणी कॉफीबरोबर, कोणी छोट्या बिअरबरोबर. टेबल धरलंत, त्यातही बाहेर फुटपाथवरचं, तर बऱ्याच ठिकाणी दर चढतो.

आता महत्त्वाचं. हे पदार्थ गार असतात. सकाळी तळून मांडून ठेवलेले. आपल्याला वडा कढईतून थेट हातात पडायची सवय, त्यामुळे पहिला घास घेतला की 'शिळं दिलं वाटतं' असा चेहरा होतो. पण रिसॉल बेतलेलंच आहे निवल्यावर खायला. गरम असताना सारण पातळ असतं, चावलं की हनुवटीवर ओघळतं. निवलं की आळतं आणि मग कोळंबी जिभेला कळते. 'गरम करून द्या' म्हटलंत तर मायक्रोवेव्हमध्ये टाकतात आणि वरचा चुरा लिबलिबीत होतो. तेव्हा ते म्हणूच नका.

सगळ्यांत मला रिसॉलचं कौतुक, कारण त्याची पारी. ती कच्च्या मैद्याची नसते. पातेल्यात पाणी, हवं तर अर्धं दूध, लोण्याचा गोळा, मीठ आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी घालून उकळी आणायची. साल काढून टाकायची आणि जितकं पाणी तितकाच मैदा, त्याच मापाने, एकदम ओतायचा. गोळा पातेल्याचे काठ सोडेपर्यंत लाकडी चमच्याने घोटायचं. कोमट असतानाच मळून घ्यायचं. थोडक्यात मोदकाची उकड, फक्त तांदळाच्या पिठीच्या जागी मैदा. मग लाटायचं, सारण ठेवून घडी घालायची, पेल्याच्या काठाने अर्धचंद्र कापायचा, फेटलेल्या अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. बाहेर चुऱ्याचं कवच, त्याखाली मऊ पारी, आत दाट सारण. पहिल्या घासात हे तीन थर वेगवेगळे लागले तर दुकान चांगलं समजायचं.

सारणाचं सगळं गुपित कोळंबीच्या सालात आहे. सालं-डोकी उकळून ते पाणी गाळून घ्यायचं. लोण्यावर कांदा, त्यावर मैदा परतून ते पाणी आणि दूध घालत दाट पांढरा सॉस करायचा. जायफळ, मिरी, पार्सली, लिंबू. कोळंबी अगदी शेवटी. सालाचं पाणी फेकून नुसत्या दुधात केलेलं रिसॉल खाल्लं की लगेच कळतं, आत लापशी असते.

बाकीच्यांबद्दल प्रतिसादांत बोलू. ज्यांनी खाल्लंय त्यांनी भर घाला.

टवाळ

फोटोशिवाय पाककृतीचा धागा म्हणजे वरातीशिवाय घोडा. निषेध.

शाकाहारी_कोथरूडकर

वर्णन झकास. पण आमच्यासारख्यांनी त्या काचेसमोर उभं राहून नुसता चष्मा पुसायचा का? पुढच्या मे महिन्यात जाणं आहे, बायको आणि आई बरोबर. आई अंडंही खात नाही.

म्हापशेकार

पात्रांव, धागा काळजाला भिडला. आमच्याकडे गोव्यात रिसॉइस (रिसॉलचं अनेकवचन) हा काउंटरवरचा पदार्थ कमी आणि समारंभाचा जास्त. बाप्तिस्मा, लग्न, नाताळ, कोणाच्या घरची लादाईन (घरगुती सामूहिक प्रार्थना), ट्रेमध्ये रिसॉइस आणि बीफ क्रोकेत फिरल्याशिवाय पाहुण्यांना आपण आल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक वाड्यावर एखादी बाई असते जी ऑर्डर घेऊन करते, आणि तिचं नाव लोक लग्नाच्या हॉलच्या आधी पक्कं करतात.

फरक एवढाच की आमच्या सारणात बारीक हिरवी मिरची पडते, काही घरांत चीजही. क्रोकेतमध्ये तर आलं, लसूण, गरम मसाला, वर व्हिनेगरची धार. लिस्बनचं क्रोकेत मला फिकं वाटलं, रागावू नका.

पणजीत असाल तर बागेजवळचं १९२२ पासूनचं मिस्टर बेकर आणि फोंतेन्यासमधली ३१ द जानेरो ही दोन जुनी दुकानं. सकाळी जा, दुपारनंतर ट्रे रिकामे दिसतात.

पाणकावळा

@म्हापशेकार, रागावणार कशाला, फिकं आहेच. इथे क्रोकेत मोहरीच्या सॉसबरोबर खातात, तिखटपणाचं काम तो सॉस करतो. गोमांस आधी शिजवून किंवा भाजून, मग बारीक करून सॉसमध्ये बांधतात. मुळात रविवारच्या उरलेल्या मांसाची सोय, पण गांब्रिनुससारख्या १९३६ पासूनच्या भारी हॉटेलातही बारच्या काउंटरवर लोक मुद्दाम क्रोकेतच खायला उभे असतात.

@शाकाहारी_कोथरूडकर, रागवू नका पण स्पष्ट सांगतो. 'सें कार्न', म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही. मासा आणि हॅम हे अनेकांच्या हिशोबी मांसात धरलेले नसतात, आणि टूना घातलेलं सँडविच समोर येतं. एम्पादाच्या पिठात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पानांचं छान सूप मिळतं, त्यात सॉसेजची चकती टाकून देतात. ती नको म्हणून आधी सांगायचं, तरी रस्सा कशावर शिजवलाय हे विचारायचंच. भाजीचा शामुसा आता ठिकठिकाणी मिळतो, पण तेलाची कढई एकच असते. तुमच्या चालीरीतीत ते बसतं का ते तुम्ही ठरवा. पैशिन्युश दा ओर्ता नावाचा एक प्रकार आहे: फरसबीच्या अख्ख्या शेंगा मैद्याच्या पिठात बुडवून तळलेल्या. तुम्हाला तो चालेल, आईंना नाही, पिठात अंडं असतं. आईंसाठी पाव, ऑलिव्ह, चीज, भाजलेल्या सिमला मिरचीची कोशिंबीर, आणि ल्युपिनचे ते पिवळे खारवलेले दाणे, त्रेमोसुश. साल दातांनी टोचून दाणा चिमटीत दाबायचा, तोंडात उडतो. आईंना आवडेल.

शाकाहारी_कोथरूडकर

धन्यवाद. दाणे नोंदवून ठेवले. भाकरी-चटणी बरोबर नेतोच आहे.

इतिहासवेडा

फरसबीवरून आठवलं. जपानी टेंपुराचं मूळ याच तळणात आहे असं मानतात. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, १६३९ मध्ये त्यांना हाकलून दिलं, पण पिठात बुडवून तळायची रीत तिथेच राहिली.

मला खरं तर शामुशाबद्दल विचारायचंय. 'गोव्यातून गेला' असं सरसकट सांगतात. मला ते अर्धंच पटतं. इथल्या कोणी तो नीट बघितलाय का? पारी कशी असते?

पाणकावळा

योग्य प्रश्न. पारी पातळ पट्टीची, त्रिकोणी घडी घातलेली, पंजाबी समोशासारखी जाड आणि उभी नाही. आत बटाटा नसतो. गोमांसाचा किंवा कोंबडीचा खिमा, भरपूर कांदा, हळद-जिऱ्याचा वास. बोहरी मोहल्ल्यात मिळतो त्या घराण्यातला.

इतिहासवेडा

मग माझ्या मनात होतं तेच. दोन वाटा आहेत. एक थेट गोव्याची, १९ डिसेंबर १९६१ नंतर आणि त्याआधीपासूनही गोवेकर लिस्बनला जात होतेच. दुसरी मोझांबिकची. तिथे गोवेकर कारकून, शिक्षक, रेल्वेतले नोकर तर होतेच, पण गुजराती हिंदू आणि इस्माइली व्यापारीही पिढ्यान्‌पिढ्या होते. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर ही सगळी मंडळी, आणि तिथे वाढलेले गोरे पोर्तुगीजही, लिस्बनला आली. त्या गोऱ्यांना सामोसा लहानपणापासून माहीत होता. गिऱ्हाईक आणि करणारा एकाच बोटीतून उतरले म्हटलं तरी चालेल. नुसत्या गोवेकरांच्या बळावर तो गल्लीगल्लीतल्या कपाटात गेला असता असं मला वाटत नाही.

म्हापशेकार

अहो, पण पट्टीचा शामुसा आमच्या गोव्यातही तसाच असतो. ख्रिस्ती घरांतल्या पार्टीत रिसॉइसच्या शेजारीच असतो. माझे एक मोठे काका लोरेन्सु मार्किशला, म्हणजे आताच्या मापुटोला, नोकरीला होते. तिथली काकी शामुसे करायची आणि म्हापशाची आजीही करायची. कोणी कोणाकडून घेतलं हे त्या दोघींनाही सांगता आलं नसतं.

इतिहासवेडा

मान्य. गोवा आणि मोझांबिक वेगळे काढता येत नाहीत हाच मुद्दा. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा.

वसईची_सुगरण

हे सगळं वाचताना मी आमच्या घरच्या नाताळाची यादी मनात चाळत होते. फुगे आहेत, विंदालू आहे, सोरपोतेल आहे, बाटलीचा मसाला आहे. रिसॉल नाही. माझ्या माहेरी नाही, सासरी नाही, शेजारी कुठे पाहिलेलं नाही. वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षं होते ना? मग गोव्याला मिळालं ते आम्हाला का नाही?

टवाळ

चिमाजी अप्पांनी ट्रे जप्त केला.

इतिहासवेडा

टवाळराव, चेष्टेत बोललात पण फार लांब नाही गेलात! वसई १५३४ ला पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ ला मराठ्यांनी घेतली. क्रोकेत, रिसॉल, पांढरा सॉस ही सगळी फ्रेंच वळणाची मंडळी. पोर्तुगालच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात त्यांची चलती झाली ती बरीच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या आसपास. तोवर वसईचा लिस्बनशी संबंध तुटलेला. गोव्याचा १९६१ पर्यंत चालू. त्यामुळे वसईकडे राहिलं ते जुनं पोर्तुगीज: व्हिनेगर-लसणीत मुरवलेलं मांस, ताडीने फुगवलेलं पीठ. गोव्याकडे जुनं आणि नवं दोन्ही. हा माझा तर्क आहे, पण ताईंची यादी त्याला साक्ष देते.

वसईची_सुगरण

पटलं. आणि ऐका, पीठ-अंड्याचे फुगे गरम तेलात सोडताना हाताच्या मुठीतून अंगठ्याने पिळून सोडतात. ते सासूबाईंकडून शिकायला मला जितका वेळ लागला त्यात शंभर रिसॉल झाले असते. आम्हाला काही कमी मिळालेलं नाही.

अनुजा_पोर्तोची

उशिरा आले, पण उत्तरेकडची बाजू मांडायला कोणीतरी हवंच.

पहिलं म्हणजे, इथे पोर्तोत बाकाल्यावच्या त्या वड्याला पास्तेल म्हटलंत की समोरचा तुम्हाला लिस्बनवाले समजतो. इथे बोलिन्यु. वस्तू तीच. खारवलेला कॉड, बटाटा, कांदा, पार्सली, अंडी. मैदा नाही. पावाचा चुरा नाही. १९०४ च्या एका पाकपुस्तकातली कृती सगळ्यात जुनी म्हणून दाखवतात, आणि आजही घरोघरी जवळपास तशीच करतात.

माझ्या शेजारच्या आजींकडे उभी राहून बघितलंय, म्हणून बारकावे सांगते. कॉड भिजत घालायचा तो कातडी वर करून, म्हणजे मीठ खाली उतरतं. फ्रिजमध्ये, जाडीप्रमाणे एक ते दोन दिवस, पाणी बदलत. मग तो उकळायचा नाही, उकळीखालीच शिजवायचा. काटे काढून झाले की आजी तो जाड पंचात गुंडाळतात आणि ओट्यावर दोन्ही तळव्यांनी रगडतात, कपडे घासल्यासारखं. पंचा उघडला की आत कापूस! माशाचा प्रत्येक धागा सुटा. मिक्सरला लावलंत तर लगदा होतो आणि वडा चिकट लागतो. बटाटा सालासकट उकडायचा, म्हणजे पाणी पीत नाही. अंडी एकेक करून. शेवटी दोन चमच्यांत मिश्रण इकडून तिकडे फिरवत तीन कडांचा लांबट वडा पाडायचा आणि तसाच तेलात. आजींचे चमचे इतके भरभर चालतात की टकटक ऐकू येते, हात दिसत नाहीत.

हे गरम बरं की गार? गार. राजम्याच्या पातळसर भाताबरोबर असेल तर गरम.

पाणकावळा

वा! पंचाची युक्ती लिहायची माझ्याकडून राहिली असती. आणि लिस्बनच्या पर्यटकी रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत आत वितळतं सेर्रा द एश्त्रेलाचं चीज भरून, भला मोठा वडा वाइनच्या पेल्याबरोबर विकतात, त्याबद्दल आजींचं मत काय?

अनुजा_पोर्तोची

विचारलं होतं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, चीज चांगलं आहे, कॉडही चांगला आहे, दोघांनी वेगवेगळ्या बशीत राहावं. मला स्वतःला विचाराल तर चवीला वाईट नाही. पण त्याला पारंपरिक म्हणून पाटी लावतात ते खटकतं.

उत्तरेकडची अजून दोन नावं आणि एक मध्य पोर्तुगालचं. शावेश या स्पेनच्या सीमेजवळच्या गावचं पास्तेल: पापुद्र्याची अर्धचंद्राकृती करंजी, आत वासराचा खिमा. १८६२ पासूनची परंपरा सांगतात, आणि युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. हे मात्र गरमच खायचं, ओव्हनमधून निघालेलं. पापुद्रे अंगभर पडतात, काळा शर्ट घालू नका. लामेगूची बोला: पावाच्या पिठाचे दोन थर, मधे हॅम किंवा वाइन-लसणीत मुरवलेलं मांस, चौकोनी वड्या कापून देतात. वसईच्या ताईंच्या विंदालूचा हा इकडचा आतेभाऊ. आणि डोंगरातल्या कोविल्यां या लोकरगिरण्यांच्या गावी मांसाच्या पापुद्रेदार पास्तेलावर केशर-व्हिनेगरचा गरम रस्सा ओततात. कुरकुरीत वस्तू रश्श्यात का बुडवायची हा प्रश्न मिसळ खाणाऱ्यांनी विचारू नये.

म्हापशेकार

अनुजाबाय, गोव्यात उलटं एक आहे जे पोर्तुगालला नाही. आपा दी कामारांव. तांदूळ, नारळ आणि सुर (माडी) घालून आंबवलेल्या पिठाचा थर, मधे कोळंबीचं आंबट-तिखट सारण, वर पुन्हा पिठाचा थर, आणि भाजून काढायचं. कवच किंचित गोड असतं. लिस्बनच्या लोकांनी येऊन शिकून जावं.

कोकणी_मेवा

बाकाल्याव इथे मिळत नाही, मिळाला तर सोन्याच्या भावात. सुक्या बोंबलाचे वडे केले तर चालतील का?

पाणकावळा

चालतील, पण मग ते बोंबलाचे वडे झाले, आणि ते चांगलेच लागतात. बाकाल्यावच्या जवळ जायचं तर रावसाचे किंवा घोळीचे जाड तुकडे जाडं मीठ चोपडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी धुऊन दोनेक तास पाण्यात घाला, मग अनुजाताईंच्या पंचाच्या वाटेने जा. वाळवलेल्या कॉडचा तो मुरलेला वास येणार नाही, धागा मात्र सुटतो.

येणाऱ्यांसाठी एक: हॉटेलात बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, कधी छोटी रिसॉइस टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. न मागितलेल्या, न खाल्लेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत असा इथला कायदाच आहे.

कोकणी_मेवा

मस्त. रविवारी रिसॉलच करते, कोळंबी इथे ताजी आहे. दोन शंका. तळताना फुटतात का? आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतील का?

म्हापशेकार

बाय, फुटायची कारणं दोनच. सारण कोमट असताना भरलं, नाहीतर कडा नीट दाबल्या नाहीत. सारण आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेव, चमच्याने कापता आलं पाहिजे इतकं घट्ट. कडेला पाणी लावू नकोस, पारी ओलसर असतेच, बोटाने दाबली की चिकटते. पारी लाटताना पीठ भुरभुरलंस तर मात्र कडा सुटतात, म्हणून ओट्याला तेलाचा हात पुरेसा.

पाणकावळा

आणि करून ठेवायचे तर चुऱ्यात घोळवून झाल्यावर, तळायच्या आधी. ताटात सुटे सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यायचे, मग पिशवीत भरायचे. इथल्या घरगुती करणाऱ्या बायका असेच गोठवलेले डझनांवर विकतात. तळताना बर्फ सुटायची वाट बघायची नाही, थेट मध्यम गरम तेलात, एका वेळी चार-पाच. जास्त टाकलेत तर तेल गार पडतं आणि चुरा तेल पितो. टिपकागदावर काढून अर्धा तास तरी तसेच राहू द्या.

टवाळ

अर्धा तास?? आमच्या घरी तळलेलं अर्धा तास टिकल्याचा इतिहास नाही.

कोकणी_मेवा

झाकून ठेवू का?

पाणकावळा

अजिबात नको, वाफेने मऊ पडतील. उघडेच, जाळीवर.